घारीचे तीन नमस्कार

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना वर आणि तोंडं उघडी!

"ही साधी घार नव्हे!" गावात मुक्कामाला आलेले घारवाले बाबा माइकवर गरजले. "रक्तातलं दुखणं ही वरूनच हुंगते! ज्याच्या डोक्यावर फिरेल त्यानं औषधं मोरीत ओतावीत!" आणि सटासट दोन शिंका दिल्या. स्वतःची सर्दी काही घारीला हुंगता आली नव्हती.

बाबांनी माझ्या आत्याच्या गळ्यात पांढरा रुमाल बांधला. घार थेट तिच्याकडे आली, तीनदा डावी-उजवीकडे कलली आणि घिरट्या घालू लागली.

"नमस्कार केला!" गर्दी ओरडली. आत्या तर रडायलाच लागली.

मी ते कलणं लगेच ओळखलं. तो नमस्कार नव्हताच, ती माझी चूक होती.

ती घार म्हणजे आपोआप उडणारं छोटं विमान होतं; हरवलेली गुरं शोधायला शाळेच्या प्रयोगशाळेत ते मीच बनवलं होतं. गुराच्या गळ्यात सिग्नल देणारी चकती बांधायची, विमान तिच्यावर गोल फिरणार. ते कललं की माझा प्रोग्रॅम त्याला सरळ करायचा. पण किती जोरानं सरळ करायचं, तो आकडा मी जास्त ठेवलेला, म्हणून ते उलट बाजूला कलायचं. तीन हेलकावे खाल्ल्यावर कुठे स्थिरावायचं. 'नंतर सुधारू' म्हणत राहिले. मग बाबांचा भक्त असलेला माझा मामा "गुरं शोधायला" म्हणून विमान आणि चकती घेऊन गेला, आणि दोन्ही बाबांना दिली. आता त्यावर पिसं रंगवलेली होती.

मग तिथेच का नाही बोलले? खरं सांगू? टाळ्या पडत होत्या, आणि मला त्या माझ्या वाटल्या.

पाचव्या दिवशी आत्या स्वयंपाकघरात कोसळली. तिनं इन्सुलिन बंद केलं होतं. दवाखान्यातून घरी आली तरी हट्ट तोच, "मला घारीनं निवडलंय. ती सुई नको."

पुढच्या रविवारी बाबांनी साक्ष द्यायला आत्यालाच पुढे बोलावलं आणि रुमाल बांधला. मी धावले, तो सोडवला आणि कडेला उभ्या गाढवाच्या गळ्यात अडकवला. घार आली. तीन नमस्कार गाढवाला!

"हे गाढव पूर्वजन्मीचा साधू आहे!" बाबा किंचाळले.

"मग माइक त्यालाच द्या की!" मागून कोणीतरी म्हणालं.

हशा पिकला. मी रुमालाची शिवण उसवली, चकती उंच धरली आणि सगळं सांगितलं. त्या चुकीच्या आकड्यासकट.

घरी आत्यानं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

तिनं फ्रिज उघडला. मग इन्सुलिनचं पेन माझ्या हातात दिलं. "टोच. आणि यापुढे तोंड वेळेवर उघडत जा."

आभाळात नवल दिसलं तर खुशाल बघा, पण ते कोणी केलं आणि कसं चालतं, हे विचाराच. आणि तुम्हाला ठाऊक असेल तर गप्प बसू नका. पहिल्या दिवशी त्या मैदानात बाबांची सगळ्यात मोठी मदतनीस मीच होते.