सगळ्यांना अठरा

विज्ञानाच्या बाईंनी निकालाच्या तक्त्यात वीस खोडून तिथे चाळीस टाइप केलं आणि चटका बसावा तसे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

"सर, या लवकर! चाळीस टक्के! बघा तरी!"

गणिताचे सर समोरच्या टेबलावर वह्या तपासत होते. ते हसत उठून आले. बाईंच्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. सहा वर्षं त्यांनी प्रत्येक बैठकीत एकच पालुपद लावलं होतं. पुस्तक पाठ करणाऱ्याला शंभरातले ऐंशी आणि ज्याला खरंच तारा जोडता येतात त्याला वीस, हा कुठला न्याय? आज सकाळी ठराव मंजूर झाला. लेखीला साठ, प्रात्यक्षिकाला चाळीस. पहिला हात वर केला तो सरांनीच, तेव्हा बाईंना अगदी गहिवरून आलं होतं.

आणि यंदा हे सगळं कुणासाठी, तर फ्यूजसाठी. फ्यूज म्हणजे शेवटच्या बाकावरची मुलगी. शाळेची घंटा, कार्यालयातला पंखा, मुख्याध्यापिकेची इस्त्री, जे बंद पडेल ते तिचा हात लागला की सुरू. लेखीत मात्र बोंब. वर्गात सातवी. पहिल्या तिघांना तंत्रनिकेतनात थेट प्रवेश होता आणि यादी आज संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची होती.

"आता बघा हं, माझी फ्यूज कशी सुसाट वर येते!" बाईंनी 'पुन्हा मोजा'चं बटण दाबलं.

गुण बदलले. क्रम तसाच. फ्यूज सातवीच.

बाईंनी परत दाबलं. मग आणखी एकदा, जरा रागाने.

"हे मेलं बिघडलंय!"

"बिघडलेलं नाही," सर म्हणाले. "प्रात्यक्षिकाला विसापैकी किती दिलेत तुम्ही?"

"अठरा."

"कुणाला?"

"सगळ्यांना. मग काय, पोरांची मनं मोडू?"

"मग चाळीस टक्के ठेवा नाहीतर नव्वद. सगळ्यांना सारखीच भर पडते. कोण पुढे, कोण मागे, हे लेखीवरच ठरणार."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. सहा वर्षं भांडलो आणि मधे आडवे आलो ते आपणच! त्यांना स्वतःचाच असा राग आला की कानशिलं तापली. मग त्या ताडकन उठल्या, खण ओढला आणि एक कोपरे झिजलेली वही बाहेर काढली. वर्षभर प्रयोग संपला की त्याच दिवशी त्या पेन्सिलीने प्रत्येकाचे खरे गुण त्यात मांडायच्या. वर्षअखेरीला मात्र वही बंद करून सरसकट अठरा.

"सर, खरे गुण आहेत! तारीखवार! प्रत्येकाची सरासरीही काढलीय!"

"पाऊण तास आहे. वाचा, मी भरतो."

बाई हजेरीच्या क्रमाने वाचू लागल्या आणि त्यांना पुन्हा हुरूप चढला. चार नंबर, तेरा. पाच, सोळा. नऊ नंबर फ्यूज, एकोणीस! सरांची बोटं भराभर चालत होती. "हा तर अकराच? आणि केवढ्या बाता मारतो!" असं म्हणत दोघं हसलेही.

बावीस नंबरपाशी बाई थबकल्या. लेखीत वर्गात पहिली. सरांची मुलगी.

"बोला," सर पडद्याकडे बघत म्हणाले.

बाईंनी उगाचच चष्मा पुसला. "नऊ."

सरांनी मान वळवून वहीकडे पाहिलं.

"शेरा काय लिहिलाय?"

"जोडणी दोनदा उलटी. विचारलं नाही, शेजारचीची बघून केली."

सरांनी नऊ टाइप केलं. "पुढचा नंबर."

साडेचारला सगळे भरून झाले. बाईंनी श्वास रोखून बटण दाबलं आणि या वेळी अख्खी यादी खालीवर झाली. फ्यूज तिसरी!

"आली! सर, आली हो पोरगी!" बाईंनी टाळीच पिटली. मग त्यांची नजर एक ओळ खाली गेली. चौथ्या क्रमांकावर बावीस नंबर होती.

त्यांचे हात हळूच मांडीवर आले.

"सर, मघाशी ते अठराचं मला सांगितलंच नसतंत, तर?"

"तर गणित चुकलं असतं," सर म्हणाले. त्यांनी वेळ पाहिली आणि स्वतःच 'पाठवा'चं बटण दाबलं. "ती वही आजच्या दिवस मला द्या. घरी दाखवायची आहे."