तुटलेली कडी

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या दारावरचा हिरवा रंग तीनदा चढवला आणि तीनदा उडाला. हसू नका! आल्प्सच्या या डोंगरांत माझ्या वयाचे कितीतरी ट्रक भंगारात गेले आणि त्यांचे खिळेसुद्धा झाले.

माझा जन्म तळ्याकाठच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी मला मुद्दाम अंगाने अरुंद ठेवले, कारण मला डोंगराच्या रस्त्यांवरच जन्म काढायचा होता. माझ्या मालकिणीच्या, नेसाच्या, वडिलांनी मला गावात आणले. गावापासून वरच्या कुरणापर्यंत कातळ फोडून केलेले तीन बोगदे आहेत आणि मधला सगळा रस्ता कड्याच्या काठाने जातो. उन्हाळाभर गावच्या गाई वर असतात. दर पंधरा दिवसांनी मी त्यांच्यासाठी मीठ वर न्यायचो आणि चीजच्या चाकाएवढ्या गोल ढेपा खाली आणायचो. शेवटचा बोगदा संपला की वडील तीनदा लांब भोंगा वाजवत. भोंगा म्हणजे मीठ, हे गाईंना पक्के ठाऊक. असतील तिथून धावत सुटायच्या बिचाऱ्या. काय वट होती माझी तेव्हा!

वडिलांमागे माझी चावी नेसाकडे आली. तिने ती दुसऱ्या कुणाच्या हातात म्हणून दिली नाही. तिचा धाकटा भाऊ रिश चाळिशीला आला तरी मागतच राहिला.

"मला का नाही देत गं? मी काय गाडी खाणार आहे?"

"तुला घाई फार," एवढेच ती म्हणायची.

मग गावाने नवा, मोठा ट्रक घेतला. माझ्याकडे उरल्या त्या मिठाच्या तेवढ्या खेपा. एरवी मी गोठ्यामागे उभा. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या, आणि खरे सांगतो, मला फार वाईट वाटायचे. रिशने तर भंगारवालाही ठरवून टाकला होता. ऑक्टोबरात तो मला न्यायला येणार होता.

पण त्या वर्षी सप्टेंबरातच बर्फ कोसळले. तीन दिवस थांबेना. वर कुरणावर त्रेपन्न गाई अडकल्या. धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडेना आणि नव्या ट्रकचे डोके तर पहिल्याच बोगद्याला टेकायचे. सकाळी म्हाताऱ्या गुराख्याचा, गियेरीचा, फोन आला.

"नेसा, पोरी, कालपासून गोठ्यात गवताची काडी नाही. भुकेनं वेड्या झाल्यात गं. कुंपण मोडून खालच्या उतारावर गेल्या, तर एकही हाती लागायची नाही!"

त्या उताराखाली सरळ कडा आहे. त्या गाईंत नेसाच्या नऊ होत्या आणि गावात असे घर नव्हते ज्याची एखादी तरी वर नव्हती. नेसाने माझ्या सीटवरून कोंबडी उठवली.

"रिश, गवत चढव."

"या डब्यात? वर पोचायच्या आधी हाच गवत मागेल!"

"मागू दे. त्यालाही देऊ. चढव तू."

माझ्या मागच्या चाकांवर लोखंडी साखळ्या चढवल्या आणि आम्ही निघालो. मित्रांनो, बर्फात साखळीशिवाय चाक नुसतेच गरगरते. पण बोगद्यात बर्फ नसते, आणि कोरड्या खडबडीत जमिनीवर साखळी तुटते. म्हणून आमच्याकडे बोगद्याच्या तोंडाशी उतरायचे, साखळ्या काढायच्या आणि पलीकडे पुन्हा चढवायच्या. गारठलेल्या बोटांनी हे काम म्हणजे नुसता छळ. पहिल्या बोगद्याला दोघांनी ते केले. दुसऱ्यालाही केले. तिसऱ्याच्या तोंडाशी नेसाच्या बोटांतून रक्त येत होते.

"राहू दे ना आता," रिश म्हणाला. "हळू चालव. काय होतंय?"

तिसरा बोगदा सगळ्यांत लांब आहे, हे दोघांनाही माहीत होते. नेसाने बोटांकडे पाहिले, वर पाहिले आणि माझा गिअर टाकला. मी जीव तोडून घरघरलो, पण माझे कोण ऐकतो!

बोगद्याच्या मध्यावर कडी तुटली. साखळीचे टोक फाडकन मडगार्डवर बसले आणि मी थांबलो. रिशने खाली उतरून पाहिले.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"चावी माझ्या हातात होती. माझंच चुकलं. पाना दे."

जादा कडी नव्हती. तारेने बांधून पाहिले, तर तार दोरीसारखी वाकली. मग नेसाने माझ्या मागच्या फाळक्याची साखळी सोडवली, तिचीच एक कडी काढली आणि बोल्ट घालून तुटक्या जागी बसवली. फाळका दोरीने बांधला. तुटकी कडी तिने खिशात टाकली. या साऱ्यात तासभर गेला. उरलेला बोगदा मात्र साखळ्या काढूनच पार केला आणि पलीकडे त्या पुन्हा चढवल्या. शेवटच्या चढावर माझे चाक दोनदा घसरले. रिशने अंगातला कोट काढून चाकाखाली घातला, आणि मी हट्टाने वर चढलो. आता नाही तर कधीच नाही, एवढेच माझ्या मनात होते.

वर पोचलो तर धुक्यात हात दिसत नव्हता. घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या, गाईंच्या गळ्यातल्या, आणि त्या खाली खाली चालल्या होत्या.

"कुंपण मोडलं!" गियेरी कुठूनतरी ओरडला. "उतारावर चालल्यात! माझं ऐकत नाहीत!"

नेसाने भोंग्यावर हात ठेवला. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्यात होती नव्हती तेवढी हवा मी त्या भोंग्यात ओतली.

घंटा थांबल्या. मग एक वाजली, जवळ आली. तिच्यामागे दुसरी. आणि बघता बघता धुक्यातून ओल्या नाकांची रांगच माझ्या अंगाला येऊन भिडली. गियेरीने काठीने मोजल्या, पुन्हा मोजल्या. त्रेपन्न. मग तो रडलाच.

"मीठ आणलंस?" त्याने डोळे पुसत विचारले.

"कुठलं मीठ! घाईत विसरले. आज फसवलं त्यांना."

"मग पुढच्या खेपेला दुप्पट आण बाई. नाहीतर तुझं तोंड नाही बघायच्या त्या!"

गवत गोठ्यात उतरवले. परतताना तिसऱ्या बोगद्यापाशी मी पुरता थांबलोही नव्हतो, तोच रिश उडी मारून साखळ्या काढू लागला. दुसऱ्याला तसेच, पहिल्याला तसेच. गावात पोचल्यावर नेसाने खिशातली तुटकी कडी काढली, तिच्यात माझी चावी अडकवली आणि रिशच्या हातावर ठेवली.

ऑक्टोबरात भंगारवाला आला, तेव्हा रिश माझ्याखाली आडवा पडून ग्रीस भरत होता. "कुठला डबा?" तो खालूनच म्हणाला. "पत्ता चुकलात तुम्ही."

मित्रांनो, मला रंग नका देऊ, कोंबड्यासुद्धा बसू द्या. पण ज्याच्या भरवशावर वर चढता, त्याच्यासाठी बोगद्याच्या तोंडाशी दहा मिनिटे खाली उतरत जा. रिश आता बर्फातल्या दर खेपेला उतरतो. कधी फारच घाई असली, तर गिअर टाकताना चावीची ती कडी त्याच्या बोटांना लागते, आणि तो इंजिन बंद करून दार उघडतो.