पिवळ्या पाकिटांचा पट्टा

शकु म्हणजे आमची शेजारीण. तिची चेंबूरची मामेबहीण मुलुंडला आमच्या चाळीत राहायला आली ती कमरेला सिगरेटच्या पाकिटांचा पट्टा घालून. गोंद नाही, टाका नाही, टाचणी नाही, नुसत्या घड्या! ओढला तरी तुटेना. कसा केलास विचारलं तर बया म्हणते, "सिक्रेट आहे." मी तेव्हा सातवीत होते, आणि कोणी सांगत नाही म्हटलं की माझं डोकंच फिरतं. ती अंघोळीला गेली तशी मी पट्ट्याच्या टोकाची एक घडी उकलून बघितली.

हात्तिच्या! पाकिटाची पट्टी कापायची, दोन्ही कडा आत घेऊन उभी दुमडायची, मग टोकं मध्यावर आणून परत मिटायची. एकीचे पाय दुसरीच्या पोटात सारले की दोघी एकमेकींना घट्ट धरून बसतात. उकललेली घडी मात्र मला परत घालता येईना. तिने येऊन माझ्या वेणीला असा हिसडा दिला की काही विचारू नका. पण शिकले ते शिकले.

शाळेत तीन आठवड्यांनी कार्यानुभवाचं प्रदर्शन होतं. मी बाईंना सांगून टाकलं, पट्टा करणार आणि स्वतः घालून उभी राहणार. सगळा एका रंगाचा, पिवळा. पिवळं पाकीट आमचे बाबा ओढायचे, रोज एक. आधीची रिकामी पाकिटंही होतीच, त्यामुळे पट्टा भराभर वाढला.

आणि नेमका बाबांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी दम भरला, आईने देवापुढे नारळावर हात ठेवून बाबांना शपथ घ्यायला लावली. सिगरेट बंद! आई खूश, आणि माझी वाट लागली. पट्टा कमरेला चार बोटं कमी! पानवाल्यापाशी लाल-निळी पाकिटं पडलेली, पिवळं एक नाही. जेवताना माझ्या तोंडून गेलंच, "बाबा, प्रदर्शन झाल्यावर सोडली असती तर काय बिघडलं असतं?" आईने असं बघितलं की मी ताटात डोकं घातलं.

दोन दिवसांनी दप्तरात भूगोलाच्या पुस्तकात एक पिवळं पाकीट सापडलं, छान सपाट केलेलं. मी लगेच त्याच्या घड्या केल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक. शकुला विचारलं तर म्हणाली, "मी काय उकिरडे फुंकत फिरते?" मग कोण? मला राहवेना. सकाळी दात घासायला जाते म्हणून बाहेर पडले आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

बाबा! आई स्टोव्हकडे वळलेली बघून त्यांनी खिशातून पाकीट काढलं, तळव्याने दाबलं आणि दप्तरात सारलं. मग तोंड दाबून, आवाज न करता खोकले.

कामावर निघाले तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं. "बाबा, तुम्ही ओढता?"

"हळू बोल गं. तुझ्या पट्ट्यासाठीच ना? तो पुरा झाला की बंद."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. म्हणजे मीच त्यांना ओढायला लावत होते की!

"पुरा झाला," मी म्हटलं. "कालच."

चक्क थाप. तीन बोटं अजून कमी होती. ते सकाळचं पाकीट मी कापलंच नाही, चुरगळून फेकून दिलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी टोकं सुतळीने बांधली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पुढून पट्टा झकास दिसत होता. आई-बाबा आले. बाई कौतुकाने म्हणाल्या, "मीरा, फिर बघू जरा." फिरावं लागलं.

मागे बाबाच उभे होते. त्यांनी सुतळीच्या गाठीला बोट लावून बघितलं. मग हळूच म्हणाले, "पुरा झाला म्हणाली होतीस ना?"

"झालाय. एवढाच करायचा होता," मी म्हटलं, आणि सगळ्यांसमोर मला रडू फुटलं. आई विचारत राहिली काय झालं, काय झालं. बाबांनी मान खाली घातली.

त्या दिवसापासून त्यांनी सिगरेटला हात लावला नाही असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? पण पुढे जी ओढली ती त्यांनी स्वतःच्या नावावर ओढली, माझ्या नाही.