नवमीचा कावळा

पाणी.

दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. फडकं शाम्पूत बुडवायचं, गाडीवर फिरवायचं, मग साध्या पाण्यात खळबळायचं. माती तिथेच खाली बसते. वरून खाली यायचं. सरळ पुसायचं, गोल गोल नाही. उन्हात तर मुळीच नाही.

हे गोटीरामांना मोबाइलवरच्या व्हिडिओंनी शिकवलं. त्याआधी त्यांनी ही नवीकोरी काळी गाडी भांड्यांच्या साबणाने आणि काथ्याने घासली होती. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा टपावर कोळ्याने जाळं विणावं तसे ओरखडे.

गाडी हितेशने, मुलाने, बंगळुरूहून बुक करून पाठवलेली. त्याच्या आईचं, सुमित्राबाईंचं, वर्षश्राद्ध उरकलं त्याच आठवड्यात. "बाबा, फिरा जरा," म्हणाला.

कुठे फिरणार? खांदेश्वरला स्वतःच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगीत ते राहत होते. जायचं ते एकच ठिकाण होतं, मोरा बंदरावरचं बायकोचं माहेर. आता तिच्याशिवाय तिथे काय तोंड घेऊन जायचं?

म्हणून पुसायची.

मेण.

बोटभरच घ्यायचं. पातळ थर. जाड लावलं तर पांढरे डाग राहतात. वाळू द्यायचं, मग कोरड्या मऊ फडक्याने उतरवायचं. रंग वाचतो. आणि दुपार जाते. दुपार जाते, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

तळमजल्यावरच्या वेणूबाई खिडकीतून बघायच्या. साताऱ्याकडच्या, नवरा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी.

"अवो भाऊ, एवढं तर बाळंतिणीला पन कुनी चोळत न्हाई!"

"बाळंतीन ओरडते. ही गप पडून ऱ्हाते."

"मग वाईच फिरवून तरी आना तिला."

"धूल बसंल."

कावळा.

सोसायटीने दिलेली जागा बदामाच्या झाडाखाली. झाडावर कावळे. त्यांची घाण रंगाला जाळते. ओलं फडकं वर ठेवून ती नरम करायची, अलगद उचलायची, घासायची नाही. गोटीरामांनी सगळं तसंच केलं, तरी बॉनेटवर दोन चट्टे उठलेच.

तेव्हा त्यांना सासुरवाडी आठवली. मोऱ्याला सुकत घातलेल्या मासळीवर छत्रीच्या काळ्या कापडाचा कावळा उलटा टांगतात. मेलेला भाऊबंद बघून बाकीचे फिरकत नाहीत. त्यांनी जुनी छत्री फाडली, पंख कापले, चोच शिवली, आणि वॉचमनच्या शिडीवर चढून तो गाडीच्या बरोबर वर, फांदीला बांधला.

कावळे जमले. घिरट्या घातल्या. ऊर फुटेस्तोवर ओरडले. मग गेले.

गाडी आरशासारखी झाली. तिच्यात बदामाची पानं दिसत. वाकलं की गोटीराम दिसत. आणखी कुणी नाही.

नवमी.

पितृपक्षातली नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. वर्षश्राद्धानंतरची सुमित्राबाईंची ही पहिलीच. हितेशला सुट्टी नव्हती. वडे वेणूबाईंनी तळून दिले. खीर गोटीरामांनी केली, थोडी लागली. केळीच्या पानावर वाढून त्यांनी पान कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं.

"काव, काव."

कुणी नाही.

"काव! ये गो."

वड्यांवर मुंग्या चढल्या. कावळा शिवल्याशिवाय घरात जेवायचं नाही. आणि तो शिवलाच नाही, तर ती उपाशी परत जाणार. येऊन, बघून, परत.

"कायतरी राह्यलं आसंल तिचं मनात," वेणूबाई दारातून म्हणाल्या. "बोला तुमी. कबूल करा."

गोटीरामांनी हात जोडले. "हितेशचं लगीन लावून देतो."

नाही.

"वेलेवर जेवीन. गोल्या घेईन."

नाही.

"आवो, खीर करपली म्हनून रुसली का काय!" वेणूबाई हसल्या. गोटीराम हसले नाहीत. त्या आत गेल्या.

मग लांब विजेच्या खांबावर त्यांना एक कावळा दिसला. पानाकडे बघत नव्हता. झाडाकडे बघत होता.

गोटीरामांनीही वर बघितलं. छत्रीचा कावळा वाऱ्यावर हळूहळू फिरत होता.

आपणच.

शिडी नवरात्राच्या मंडपाला गेलेली. काठी पुरेना. खाली गाडी उभी. त्यांनी एकदा बॉनेटवर हात फिरवला, सवयीने. मग चपलेसकट बंपरवर पाय दिला.

वाळूचे कण करकरले. बॉनेट 'डब्ब' करून खाली बसलं. मेणावरून पाय सटकला, गुडघा टेकला, परत उठले. काचेवरून टपावर. तिथे उभं राहून त्यांनी दोन्ही हातांनी सुतळी तोडली, चिंध्या काखेत मारल्या आणि घसरत, सगळी पँट रंगावर घासत, खाली आले. मागे वळून गाडीकडे बघितलं नाही.

वाट बघत बसले. ऊन कलत गेलं. एवढी वाट त्यांनी बऱ्याच दिवसांत कुणाची बघितली नव्हती. बरं वाटत होतं. कुणीतरी वाटेत आहे, असं.

कावळा आला. आधी टपावर, नखं फरफटवत. मग भिंतीवर. मान वाकडी करून बघितलं, वडा उचलला आणि रेल्वे स्टेशनच्या दिशेने उडाला.

वेणूबाई धावत बाहेर आल्या. "शिवला! शिवला बगा! आता बसा जेवायला."

गोटीराम रिकाम्या आभाळाकडे बघत होते.

"जरापन थांबली नाय," ते म्हणाले.