यांना बोलतं ठेवा

गॅरेजवाल्याला भोवळ येऊ लागली, तेव्हा त्यानं सगळ्यात आधी बायकोला बडवलं. म्हणे, तुझ्याच किटकिटीनं डोकं फिरतंय! जित्याची खोड, दुसरं काय? पण गाडीखालून उठताना दोनदा आडवा झाला, तेव्हा मुकाट्यानं बायकोला घेऊन दवाखान्यात आला.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर मॅडमनी त्याला कॉटवर निजवलं आणि डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा घट्ट बांधला. आत मिट्ट काळोख.

"आता कानात थंड पाणी सोडते. गरगरेल, पण डोळे उघडे ठेवा. ते कसे हलतात त्यावरून कुठला कान बिघडलाय ते कळतं." मग त्या बायकोकडे वळल्या. "ताई, यांना बोलतं ठेवा. गप्प राहिले की डोळे मंदावतात, तपासणी वाया जाते. काहीही विचारा, भराभर."

काहीही! लग्न झाल्यापासून अशी मुभा तिला कुणी दिली नव्हती.

पाणी सुटलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याची बुबुळं एकीकडे सरकून झटक्यानं परत येऊ लागली.

"गॅरेजात गाड्या किती?"

"चार."

"जॅक कुठं ठेवता?"

"दाराशी. आई गं, फिरतंय सगळं!"

"बोलत राहा," मॅडम म्हणाल्या.

मागच्या महिन्यात ती कामावरून आली, तेव्हा लेकीच्या कानातून रक्त येत होतं. जिन्यावरून पडले, लेक म्हणाली. पडली, तोही म्हणाला. तिनं विश्वास ठेवला. न ठेवून त्या घरात राहायचं कसं?

"पोरीला कशानं मारलंत?"

"हातानंच! पाना नुसता दाखवला होता," तो खेकसला.

तोंडून काय निघालं ते कळताच तो चष्मा ओरबाडून उठला आणि तिच्या तोंडाच्या दिशेनं ठोसा हाणला. पण त्याच्या डोळ्यांपुढे खोलीच गरगरत होती. ठोसा लोखंडी कपाटावर बसला, बोटं कडाडली. तो कोसळला, हनुवटी कॉटच्या पायावर आपटली आणि रक्तासोबत दोन दात फरशीवर पडले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याच्या बरगडीत लाथ घातली. परत घातली. मॅडमनी ओढलं तरी घातली.

तो ओकत होता. फरशीवर उताणा पडूनही दोन्ही हातांनी फरशीच धरू पाहत होता.

"धर गं मला, पडतोय मी!"

"पोरगीही अशीच ओरडली असेल," ती म्हणाली. आणि लेकीला शाळेतून घेऊन जायला निघाली. घरी नव्हे.