भोंग्याची वायर

"दादा, तू फक्त 'वायर परत जोडायला विसरलो' म्हण," धाकटी पुन्हा म्हणाली. "जीभ झडणार नाही तुझी."

"पण मी विसरलो नव्हतो."

तेच तर दुखणं होतं. रंगाच्या कारखान्यात बहीणभाऊ दोघंही संचालक. ती प्रयोगशाळा बघायची, तो बाकी सगळं. गॅस गळला की इशारा देणारा भट्टीजवळचा भोंगा उठसूट बोंबलायचा, म्हणून दादाने स्वतःच्या हाताने त्याची वायर काढली. मग खरंच गॅस गळला. शिडीवरच्या फिटरला भोवळ आली, तो खाली पडला आणि त्याच्या कमरेचं हाड मोडलं. आता त्याने कंपनीवर भरपाईचा दावा लावला होता. विमा होता, पण कंपनीच्या अधिकाऱ्याने जाणूनबुजून केलेली इजा त्यात बसत नव्हती. विम्याने हात वर केले, तर कारखाना विकूनही फिटरच्या हाती पुरेसं पडलं नसतं.

विमा कंपनीच्या बाई आल्या, चहा नको म्हणाल्या आणि थेट मुद्द्यावर आल्या. "भोंगा चुकून बंद राहिला का?"

धाकटीने टेबलाखाली दादाच्या पायावर पाय दिला.

"माझ्या हातून चुकून काही होत नाही," दादा म्हणाला. "वायर मी काढली. पूर्ण शुद्धीत."

धाकटीने कपाळाला हात लावला. जन्मभर दुसऱ्यांच्या विसरभोळेपणाचे वाभाडे काढलेला माणूस, तो शब्द स्वतःसाठी कुठून आणणार?

बाई लिहीत होत्या. "म्हणजे कोणाला तरी इजा होणार, हे माहीत असून काढलीत?"

"छे! वेड लागलंय का मला? गॅस गळणारच नाही असं धरून चाललो होतो. व्हॉल्व्ह नवे होते."

"तपासले होते?"

दादाने धाकटीकडे पाहिलं. व्हॉल्व्ह तपासून घे, असं धाकटीने म्हटलं तेव्हा त्याने तिला 'परीक्षानळीबाई' म्हणून उडवून लावलं होतं. ती आता खिडकीबाहेर बघत राहिली.

"नाही," तो म्हणाला.

"मग तुमचा अंदाज..."

"चुकला." घशात अडकलेलं काहीतरी खाकरून काढावं तसं तो म्हणाला. "माझाच."

"वायर मुद्दाम काढली, इजा मुद्दाम केली नाही," बाई म्हणाल्या. "कलम इजेच्या हेतूबद्दल आहे. भरपाई द्यावी, असं मी वर कळवते. इथे सही करा."

दादाने जबाब वाचला, परत वाचला.

"'चुकला' एवढं ठळक कशाला?"

"सगळं सारखंच लिहिलंय," बाई म्हणाल्या.

त्याने सही केली.