हात सोडायची जागा

सहा वर्षांची असताना तिला स्केटिंगच्या बर्फावर आणलं ते हौसेनं नव्हे, नाइलाजानं. आई दवाखान्यात पाळ्या करायची, बाबा रिंकच्या तळघरात स्केटच्या पात्यांना धार लावायचे. पोरीकडे बघणार कोण? बाबांनी तिला प्रशिक्षक बाईंच्या हवाली केलं. बाकीची मुलं भिंगरीसारखी फिरायची आणि ही पालीसारखी कठड्याला चिकटलेली. दोन महिने तिनं कठडा सोडला नाही.

"हिचं पोट रोज सकाळी दुखतं," आई म्हणायची.

"सुट्टीच्या दिवशी बरं दुखत नाही," बाबा म्हणायचे. पण पोट खरंच दुखतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

शेवटी बाईंनी तिचा हात एका ताडमाड मुलाच्या हातात दिला. सगळे त्याला लांब्या म्हणत. "हिला फक्त घेऊन फिर," बाई म्हणाल्या. ती फिरली. लांब्याच्या तळहातावर नखांचे वण उठले, पण ती फिरली. दहा वर्षं मग दोघं जोडीनं नाचत राहिली, आणि लहानसहान स्पर्धांत बक्षिसंही मिळवू लागली.

पण जोडीनाचात सारा वेळ हात धरून भागत नाही. एक जागा येतेच, जिथं हात सोडून दोघांनी शेजारी शेजारी, एका पायावर गिरक्या घेत सरकायचं, मध्ये हातभर अंतर. ती जागा जवळ आली की तिच्या छातीत धस्स व्हायचं.

सोळाव्या वर्षी, एका सरावात, जे व्हायचं तेच झालं. तिचा तोल गेला आणि तिचं पातं लांब्याच्या दंडावर फिरलं. पांढऱ्या बर्फावर रक्ताची रेघ उमटली. सात टाके पडले.

"धार मीच लावली होती सकाळी," बाबा एवढंच म्हणाले आणि जेवता जेवता उठले.

तिनं स्केट माळ्यावर टाकले. बाराव्या दिवशी लांब्या दारात उभा राहिला, हात गळ्यात बांधलेला.

"बाई मला दुसरी जोडीदार बघतायत," तो म्हणाला.

"बरंच आहे की."

"मला नको. तिचं कुठं काय चुकतं, ते मला माहीत नाही. तू तिसऱ्या गिरकीला उजवीकडे कलतेस. आता मला कळलंय."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण नवीन माणसाची जास्त वाटेल."

तिला हसू आलं, आणि लगेच रडूही. दुसऱ्या दिवशी ती बर्फावर उतरली. पोट दुखतच होतं.

दोन वर्षांनी दोघं राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. पहिल्या दिवशी दोघांचे गुण सगळ्यांत वर होते, त्यामुळे तिला आणखीच धास्ती. तळाला असतं तर गमवायला काय होतं? दुसऱ्या दिवशी संगीत सुरू झालं. ती मनात आकडे मोजत होती. हात सुटले. एक गिरकी, दुसरी, तिसरी. ती कलली नाही. तेवढ्यात शेजारून पातं खरवडल्याचा आवाज आला. गेली दोन वर्षं हाच आवाज तिला झोपेतून उठवत होता.

या वेळी घसरला होता लांब्या.

तिनं वळून पाहिलं नाही. गिरकी अर्धवट सोडून तिनं डावा हात नेमका तिथं पुढं केला जिथं तो असायला हवा होता. त्याची बोटं मनगटाला लागली, घट्ट बसली. तो सावरला आणि नाच पुढं गेला.

परीक्षकांनी गुण कापलेच. तरी पहिल्या दिवसाची आघाडी जेमतेम पुरली. फलकावर दोघांची नावं सर्वांत वर आली, तेव्हा लांब्या पुटपुटला, "माझ्यापायी गेलं असतं."

"गेलं नाही ना," ती म्हणाली.

बाबा प्रेक्षकांत नव्हते. बाहेरच्या बोळात भिंतीकडे तोंड करून उभे असलेले सापडले. गुण त्यांनी ऐकलेच नव्हते.

"लागलं का कुणाला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"त्याला?"

"त्यालाही नाही."

बाबांनी डोळे पुसले, तिच्या हातातले स्केट आपल्याकडे घेतले, आणि मग कितवा नंबर आला ते विचारलं.